ओएसपीएफचा डेटाबेस ओळीओळीने वाचताना: माझ्या प्रकल्प नोंदी

ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसांत माहिती देऊन जाळ्यातले मार्ग ठरवायची पद्धत, मी बरेच दिवस चालवत होतो. शेजारचा राउटर ‘फुल’ (माहितीची देवाणघेवाण पुरी) दिसला की काम झालं, असं धरून पुढे जायचो. मग एकदा शेजारी फुल असूनही रूट, म्हणजे पलीकडच्या पत्त्याकडे जायचा मार्ग, येईना. डेटाबेस, म्हणजे राउटरांनी एकमेकांना पाठवलेल्या नोंदींचा साठा, उघडला, तर त्यातली एकही ओळ मला खात्रीने वाचता आली नाही. म्हणून ठरवलं, की छोटं जाळं स्वतः उभारायचं, मुद्दाम मोडायचं आणि डेटाबेसमधली प्रत्येक नोंद कोणी लिहिली, का लिहिली हे कळेपर्यंत सोडायचं नाही. कोणी हेच करायला बसलं तर माझा वाया गेलेला वेळ त्यांचा तरी वाचावा, म्हणून तारखेनुसार लिहून ठेवतो आहे.

२ जून

मांडणी: एकच लिनक्स मशीन, त्यात प्रत्येक राउटरसाठी वेगळी नेटवर्क नेमस्पेस (मशीनमधला वेगळा नेटवर्क-कप्पा) आणि प्रत्येकात एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरची स्वतंत्र प्रत. तारांच्या जागी व्हीइथच्या (आभासी इंटरफेसच्या) जोड्या, आणि लॅनसाठी, म्हणजे अनेक राउटरांच्या सामायिक तारेसाठी, एक ब्रिज (आभासी स्विच). पैशांचा खर्च काही नाही, वेळ मात्र भरपूर गेला.

आर-१, आर-२, आर-३ ब्रिजवर, १०.०.१२३.०/२४, एरिया ० (एरिया म्हणजे जाळ्याचा एक भाग). आर-३ ते आर-४ सरळ तार, १०.०.३४.०/२४, एरिया १, दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट (दोनच टोकांची तार) हा प्रकार. आर-५ नंतर जोडायचा आहे. राउटर आयडी, म्हणजे राउटरचं नाव, १.१.१.१, २.२.२.२ अशा क्रमाने, आणि तेच पत्ते लूपबॅकवर (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसवर). प्रत्येक तारेची कॉस्ट (मार्ग निवडताना धरायचं अंतर) मी हाताने १० ठेवली. आपोआप काढलेल्या कॉस्टवर विसंबलो असतो तर पुढे आकडे पडताळताना गोंधळ झाला असता.

चूक: एफआरआरच्या सगळ्या प्रती एकाच फोल्डरमधून सुरू केल्या. नेमस्पेस वेगळ्या झाल्या तरी सॉकेटच्या फाइली सामायिकच राहतात, त्यामुळे आर-१ म्हणून उघडलेल्या खिडकीत भलत्याच राउटरची उत्तरं येत होती. डेटाबेस चुकीचा आहे असं समजून दोन तास कॉन्फिगरेशन तपासत बसलो. उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रत ‘एन’ हा पर्याय देऊन वेगळ्या नावाने सुरू करायची आणि वीटीवायएसएच (एफआरआरची कमांडची खिडकी) उघडतानाही तेच नाव द्यायचं.

३ जून

‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’ची पहिली छाननी. प्रत्येक ओळीत लिंक आयडी, एडीव्ही राउटर (नोंद लिहिणारा), एज (वय), सीक्वेन्स (आवृत्तीचा आकडा) आणि चेकसम (मजकूर पडताळायची संख्या). एकाच एरियातल्या सगळ्या राउटरांकडे हा डेटाबेस सारखा असायला हवा, म्हणून मी दोन राउटरांचे आउटपुट फाइलीत घेतले आणि ‘डिफ’ने ताडून पाहिले. जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी निघाली. पुन्हा तासभर शोधाशोध.

दोष डिफचा नव्हता, एजच्या रकान्याचा होता. नोंद एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्या वयात किमान एक सेकंद मिळवला जातो आणि पुढे प्रत्येक राउटर ते आपल्यापाशी वाढवत राहतो. आर-४ ची नोंद त्याच्याकडे ४१२ वर असताना आर-३ कडे ४१३ वर होती. चेकसममध्ये वय धरतच नाहीत, नाहीतर तो दर सेकंदाला बदलावा लागला असता. एजचा रकाना काढून डिफ पुन्हा चालवला, तेव्हा दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या. दोन प्रती एकच आहेत का हे पाहायचं तर सीक्वेन्स आणि चेकसम बघा, वय नको.

सीक्वेन्स ८००००००१ पासून सुरू होतो (आकडा हेक्समध्ये, म्हणजे ९ नंतर ए). इतका मोठा आकडा पाहून मला वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय. पण ही चिन्हासहित ३२ बिटांची संख्या आहे, आणि हा तिच्या अगदी तळाकडचा आकडा. त्याच्याही खालचा ८००००००० राखून ठेवला आहे, तो वापरत नाहीत. नोंद लिहिणारा राउटर दर १८०० सेकंदांनी, काही बदललं नसलं तरी, आकडा एकाने वाढवून ती पुन्हा पाठवतो.

मग टाइप-१, म्हणजे राउटरने स्वतःबद्दल लिहिलेली नोंद. आर-४ ला एक तार आणि एक लूपबॅक, पण त्याच्या नोंदीत लिंक तीन. एक जास्तीची कुठून आली? पॉइंट-टू-पॉइंट तारेला पत्ता दिलेला असला की तिच्या दोन लिंक लिहिल्या जातात. एक शेजाऱ्याकडे बोट दाखवणारी, दुसरी त्या तारेवरच्या सबनेटची, जिला स्टब म्हणतात. पहिली नकाशा जोडण्यासाठी, दुसरी पत्ता कळवण्यासाठी. हा फरक आज नीट पक्का करून घेतला ते बरं झालं, पुढे १२ तारखेला सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

इथला सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे ‘लिंक आयडी’ आणि ‘लिंक डेटा’ या दोन रकान्यांचा अर्थ लिंकच्या प्रकारानुसार बदलतो. पॉइंट-टू-पॉइंटमध्ये आयडी म्हणजे शेजाऱ्याचा राउटर आयडी आणि डेटा म्हणजे आपल्या इंटरफेसचा पत्ता. लॅनच्या ट्रान्झिट लिंकमध्ये आयडी म्हणजे त्या लॅनवरच्या डीआरचा (लॅनच्या वतीने लिहायला निवडलेल्या राउटरचा) इंटरफेस पत्ता, डेटा पुन्हा आपलाच पत्ता. स्टबमध्ये आयडी म्हणजे नेटवर्क आणि डेटा म्हणजे मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा). मी हे तिन्ही एका कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवलं आणि दोन आठवडे काढलं नाही.

नोंदीची लांबीही कामाला येते. शीर्षक २० बाइटचं, त्यापुढे ४ बाइट, मग प्रत्येक लिंकला १२. तीन लिंक म्हणजे ६०. आर-४ ची लांबी ६० च निघाली.

५ जून

आर-५ जोडला. आर-४ ते आर-५ तार १०.०.४५.०/२४, एरिया १. वेळ वाचवायला आर-३ ची कॉन्फिगरेशन फाइल उचलली, इंटरफेस बदलले आणि सुरू केलं.

आर-५ चं आर-४ शी नातं फुल झालं, पण एरिया १ मधले रूट दर काही सेकंदांनी येत-जात होते. आधी तारेवर संशय घेतला, व्हीइथची जोडी पाडून नव्याने केली. फरक शून्य. मग आर-४ वर डेटाबेस लागोपाठ पाहत राहिलो, आणि ३.३.३.३ ची टाइप-१ नोंद डोळ्यांत भरली. तिचं वय दहाच्या वर जातच नव्हतं आणि सीक्वेन्स सतत चढत होता. लिंकची संख्या कधी २, कधी ३.

फाइलीसोबत राउटर आयडीही आला होता. जाळ्यात दोन ३.३.३.३ झाले होते. दोघंही स्वतःबद्दल लिहीत होते आणि प्रत्येकाला आपल्या नावाने आलेली, आपण न लिहिलेली, जास्त सीक्वेन्सची नोंद मिळत होती. अशा वेळी राउटर त्याहून वरचा आकडा घेऊन आपलं म्हणणं पुन्हा मांडतो. समोरचाही तेच करतो. एकच नोंद पुन्हा लिहिण्यात किमान ५ सेकंदांचं अंतर ठेवायचा नियम आहे, म्हणून हे भांडण त्या तालावर चालू होतं. दोन लिंकवाली नोंद खऱ्या आर-३ ची, तीनवाली आर-५ ची.

आर-४ ची शेजाऱ्यांची यादी नीट पाहिली असती तर दोन वेगळ्या इंटरफेसवर ३.३.३.३ दोनदा दिसला असता. मी फक्त ‘फुल’ हा शब्द शोधत होतो. आर-५ चा आयडी ५.५.५.५ केला, प्रोसेस पुन्हा सुरू केली आणि दोन मिनिटांत सगळं शांत झालं. गेलेला वेळ: सव्वातीन तास.

त्याच सपाट्यात आणखी एक शंका सुटली. आर-३ वर ३.३.३.३ ही टाइप-१ नोंद दोन ठिकाणी दिसते, आणि आजच्या प्रकारानंतर ते पाहून मी दचकलो. ते मात्र बरोबर आहे. दोन एरियांत पाय असलेला राउटर प्रत्येक एरियासाठी वेगळी टाइप-१ लिहितो आणि तिच्यात फक्त त्या एरियाच्या लिंक घालतो.

८ जून

टाइप-२. ही लॅनची नोंद. लॅनला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने डीआर लिहितो. लिंक आयडी म्हणजे डीआरचा त्या लॅनवरचा पत्ता, आत मास्क आणि जोडलेल्या राउटरांचे आयडी. कॉस्ट कुठेच नाही. राउटरवरून लॅनवर जाताना कॉस्ट लागते, लॅनवरून राउटरवर येताना शून्य. सगळे राउटर मी एकदमच सुरू केले होते आणि प्राधान्य सारखं होतं, त्यामुळे सर्वांत मोठ्या आयडीचा आर-३ डीआर झाला. नोंद १०.०.१२३.३, लांबी ३६: चोवीस अधिक तीन राउटरांचे चार-चार.

आता मोडायची वेळ. आर-३ ची प्रोसेस नीट बंद न करता सरळ मारून टाकली. ४० सेकंदांनी आर-१ वरचे त्याचे रूट गेले. आर-२ डीआर झाला, १०.०.१२३.२ ही नवी टाइप-२ आली. पण जुनी १०.०.१२३.३ तिथेच. आर-३ ची टाइप-१ तिथेच. त्याने आणलेल्या टाइप-३, म्हणजे दुसऱ्या एरियातल्या पत्त्यांच्या नोंदी, सुद्धा तिथेच.

मला वाटलं माझा एफआरआर जुन्या नोंदी साफ करत नाही. आर-१ पुन्हा सुरू केला, तर त्याला शेजाऱ्याकडून त्याच नोंदी परत मिळाल्या.  यात दीड तास गेला.

घडतं ते असं: नोंद मागे घ्यायचा हक्क ती लिहिणाऱ्यालाच आहे. तो मेला, तर बाकीचे ती हातात धरून बसतात, वय ३६०० सेकंद होईपर्यंत. मात्र ती वापरात नसते. आर-१ आणि आर-२ च्या टाइप-१ नोंदी आता १०.०.१२३.२ कडे बोट दाखवतात, जुन्या लॅन-नोंदीकडे कोणीच दाखवत नाही, म्हणून मार्ग काढताना तिथे पाऊलच पडत नाही. डेटाबेसमध्ये असणं आणि नकाशावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायची खूण: ज्या नोंदीचं वय १८०० च्या बरंच पुढे गेलंय, तिचा लिहिणारा गेलेला किंवा तुटलेला आहे.

मग आर-३ परत उठवला. तो ८००००००१ पासून सुरू करू पाहतो, पण शेजाऱ्यांकडे त्याच्याच नावाची ८००००००९ आहे, आणि ते ती त्याला दाखवतात. आर-३ लगेच ८००००००ए वर उडी घेतो. मरण्यापूर्वीचं त्याचं बोलणं जाळ्याने जपून ठेवलं होतं आणि त्याला त्यावर मात करूनच पुढे जावं लागलं, हे समोर घडताना पाहून मला फार आनंद झाला. जुनी टाइप-२ सुद्धा त्याला परत मिळाली. आता तो डीआर नाही, म्हणून त्याने तिचं वय स्वतःहून ३६०० करून पाठवलं आणि ती सगळीकडून गेली. डीआरपद मात्र आर-२ कडेच राहिलं. ते एकदा दिलं की मोठा आयडी आला म्हणून काढून घेत नाहीत.

११ जून

रात्री मशीन बंद करून सकाळी सुरू केलं. सगळे शेजारी फुल. आर-१ वरून ४.४.४.४ ला पिंग नाही. ५.५.५.५ ला नाही. आर-३ आणि आर-४ एकमेकांच्या तारेवरच्या पत्त्याला पिंग करू शकतात. ज्या प्रकारापासून हे काम सुरू केलं, तोच प्रकार.

आधी एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) तपासला. तो जुळत नसता तर नातं एक्सस्टार्ट-एक्सचेंज या फुलच्या आधीच्या पायऱ्यांपाशीच अडकलं असतं, फुल झालंच नसतं, त्यामुळे हे तपासणं मुळातच अनावश्यक होतं. मग फायरवॉल. मग आर-३ वर एरिया १ काढून पुन्हा घातला. संध्याकाळ झाली, तसंच सोडलं. पूर्ण दिवस गेला.

१२ जून

आज एकही कमांड न बदलता फक्त वाचायचं ठरवलं.

पहिला धागा आर-१ वर. टाइप-३ मध्ये १०.०.३४.०/२४ आहे, ४.४.४.४ नाही. म्हणजे आर-३ ला ती तार ठाऊक आहे, तारेपलीकडचं काही नाही.

दुसरा धागा आर-३ वर, एरिया १. आर-४ ची टाइप-१ आहे, ताजी आहे, वय लहान. तिच्यात ४.४.४.४ ची स्टब लिंकही आहे. म्हणजे माहिती आर-३ पर्यंत पोहोचली आहे आणि तरीही तो तिचा रूट करत नाही.

तिसरा धागा संख्येचा. आर-४ च्या नोंदीत लिंक ४, लांबी ७२. असायला हव्या होत्या ५: आर-३ च्या तारेच्या दोन, आर-५ च्या तारेच्या दोन, लूपबॅकची एक. म्हणजे ८४. एक लिंक कमी! ओळीओळीने पाहिलं. आर-५ कडच्या दोन्ही जागेवर. आर-३ कडे मात्र एकच, आणि तिचा प्रकार ट्रान्झिट, आयडी १०.०.३४.४. शिवाय एरिया १ मध्ये एक टाइप-२ नोंदही उगवली होती: १०.०.३४.४, जोडलेले राउटर ४.४.४.४ आणि ३.३.३.३. पॉइंट-टू-पॉइंट तारेवर टाइप-२ असायचं कारणच नाही.

आर-४ त्या तारेला लॅन समजत होता. आर-३ तिला पॉइंट-टू-पॉइंट समजत होता. आर-३ ची नोंद म्हणते, “माझा शेजारी ४.४.४.४.” आर-४ ची नोंद म्हणते, “मी १०.०.३४.४ या लॅनवर आहे.” आणि लॅनची नोंद, जी आर-४ नेच लिहिली आहे, म्हणते, “माझ्यावर दोघं आहेत.” मार्ग काढताना ओएसपीएफ प्रत्येक पाऊल उलट बाजूनेही तपासतो. आर-३ कडून आर-४ कडे जायचं, तर आर-४ च्या नोंदीत आर-३ कडे येणारी लिंक हवी. नाही. आर-४ कडून लॅनमार्गे आर-३ कडे जायचं, तर आर-३ च्या नोंदीत त्या लॅनचा उल्लेख हवा. तोही नाही. टाळी एका हाताने वाजत नाही. लॅनच्या नोंदीत आर-३ चं नाव आहे याला इथे काडीची किंमत नाही, कारण ते आर-३ ने स्वतः सांगितलेलं नाही.

मग शेजारी फुल कसे? हॅलोचा (शेजाऱ्याला ‘मी आहे’ कळवणाऱ्या संदेशाचा) कालावधी दोन्ही प्रकारांत १० सेकंद, डेड (हॅलो न आल्यास शेजारी गेला असं धरायची मुदत) ४०, दोन्हीकडचे हॅलो २२४.०.०.५ वरच जातात. नेटवर्कचा प्रकार हॅलोमध्ये लिहिलेलाच नसतो, त्यामुळे तो जुळतो का हे कोणी विचारत नाही. डेटाबेसची देवाणघेवाण व्यवस्थित पुरी होते, म्हणून फुल. फुल म्हणजे दोघांकडच्या वह्या सारख्या आहेत, एवढंच. वह्यांतला मजकूर एकमेकांना धरून आहे का, ते फुल सांगत नाही.

कारण: आर-४ वर पॉइंट-टू-पॉइंटची ओळ मी चालू राउटरवर टाकली होती, पण साठवली नव्हती. रात्री मशीन बंद झालं तशी ती गेली आणि इथरनेटसाठीचा मूळ प्रकार, ब्रॉडकास्ट, परत आला. आर-३ ची ८ तारखेला साठवली होती. ओळ टाकली, साठवली. लिंक ५, लांबी ८४, टाइप-२ गायब, पिंग सुरू.

कोणाला हे करून पाहायचं असेल तर एक इशारा. आयडीची चढउतार उलटी असती, म्हणजे ब्रॉडकास्ट बाजूचा आयडी लहान असता, तर त्या बाजूने समोरच्यालाच डीआर मानलं असतं आणि टाइप-२ नोंद कोणीच लिहिली नसती. तेव्हा ‘आगंतुक टाइप-२’ ही खूण दरवेळी मिळेलच असं नाही. ट्रान्झिट लिंक मात्र मिळेल.

१५ जून

टाइप-३. आर-१ वर लिंक आयडी ४.४.४.४, एडीव्ही राउटर ३.३.३.३, मेट्रिक १०. सुरुवातीला मी एडीव्ही राउटर म्हणजे त्या नेटवर्कचा मालक असं वाचत होतो. टाइप-३ मध्ये तो सीमेवरचा राउटर असतो आणि मेट्रिक म्हणजे त्याच्यापासूनचं अंतर. आर-१ त्यात आर-३ पर्यंतचे आपले १० मिळवतो, एकूण २०. एरिया १ च्या आत काय आहे, किती तारा आहेत, हे आर-१ ला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. सीमेवरचा राउटर इथे आपल्या रूटिंग टेबलातलं सांगतो, नकाशा देत नाही. ११ तारखेला ४.४.४.४ ची टाइप-३ का नव्हती, तेही इथेच उलगडतं: आर-३ कडे नोंद होती, रूट नव्हता.

चूक: ५.५.५.५ चं मेट्रिक बदलतं का पाहायला आर-५ च्या तारेची कॉस्ट ५० केली, आणि आर-१ वर काहीच हललं नाही. पाऊण तास शोधलं. कॉस्ट बाहेर पडणाऱ्या बाजूची असते. आर-५ कडे जाताना आर-४ ची कॉस्ट लागते, आर-५ ची नाही. आर-४ वर ५० केल्यावर मेट्रिक २० वरून ६० झालं. नंतर दोन्हीकडे १० वर आणलं.

जाता जाता आर-३ वर १०.०.४५.०/२४ साठी ‘रेंज’ आणि ‘नॉट-ॲडव्हर्टाइज’ (हा पत्ता दुसऱ्या एरियाला कळवू नको) टाकून पाहिलं. ती टाइप-३ एरिया ० मधून गेली. अपेक्षेप्रमाणे.

१९ जून

आर-५ वर १७२.१६.०.०/१६ चा स्थिर रूट टाकून तो ओएसपीएफमध्ये आणला. आर-१ वर टाइप-५, म्हणजे ओएसपीएफबाहेरून आणलेल्या रूटची नोंद, आली: एडीव्ही राउटर ५.५.५.५, ई-२ (बाहेरच्या रूटचा एक प्रकार), मेट्रिक २०. टाइप-५ सगळ्या साध्या एरियांतून जशीच्या तशी जाते, लिहिणारा बदलत नाही. पण मग आर-१ ने ५.५.५.५ या राउटरपर्यंत जायचं कसं? तो तर दुसऱ्या एरियात. त्यासाठी आर-३ टाइप-४ लिहितो: त्या बाहेरच्या राउटरपर्यंत माझ्यापासून इतकं अंतर.

इथे मी अडकलो. आर-१ वर दोन ओळी दिसत होत्या, दोन्हीत लिंक आयडी ५.५.५.५, दोन्हीत एडीव्ही राउटर ३.३.३.३, दोन्हीत मेट्रिक २०. एकच नोंद दोनदा छापली जातेय असं मला वाटलं. खात्री करायला आर-५ वरचा लूपबॅकचा पत्ता काढून टाकला. एक ओळ गेली, दुसरी राहिली. गेलेली टाइप-३ होती, तिच्यात ५.५.५.५ हा पत्ता होता. राहिलेली टाइप-४, तिच्यात ५.५.५.५ हे राउटरचं नाव आहे. नोंदीची ओळख प्रकार, लिंक आयडी आणि लिहिणारा या तिन्हींनी मिळून होते. मी दोनच पाहत होतो.

मग १७२.१६.०.०/२४ सुद्धा टाकला, त्याच सुरुवातीचा पण लहान. दोघांचा लिंक आयडी १७२.१६.०.० झाला तर दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकेल. तसं झालं नाही. दुसरी १७२.१६.०.२५५ म्हणून आली, आत मास्क /२४. आयडीतले होस्ट बिट एक करून ती वेगळी केली जाते, ओएसपीएफच्या १९९८ च्या मानकातच, आरएफसी २३२८ मध्ये, ही सोय आहे. म्हणून यादीत ब्रॉडकास्टसारखा दिसणारा पत्ता आला तर घाबरू नका, नोंद उघडा आणि मास्क वाचा.

२३ जून

एरिया १ एनएसएसए केला, म्हणजे टाइप-५ आत न घेणारा, पण स्वतःचे बाहेरचे रूट टाइप-७ ने कळवणारा एरिया. आर-३ आणि आर-५ वर ओळ टाकली, आर-४ वर राहिली, आणि त्याची दोन्ही नाती तुटली. एरियाचा प्रकार हॅलोमध्ये कळवला जातो, तो न जुळला तर नातं होतच नाही. पाच मिनिटांत सापडलं.

आता आर-५ टाइप-७ लिहितो, आणि आर-३ तिचं भाषांतर करून टाइप-५ म्हणून एरिया ० मध्ये सोडतो. लिहिणारा ३.३.३.३. टाइप-४ नाहीशी झाली. लिहिणारा आता एरिया ० मध्येच आहे, त्याचा पत्ता वेगळा सांगायची गरज उरली नाही. पण आर-१ वर १७२.१६.०.०/१६ चा रूट आला नाही.

यावेळी काहीही पुन्हा सुरू केलं नाही. टाइप-५ उघडली. फॉरवर्डिंग ॲड्रेस १०.०.४५.५. साध्या टाइप-५ मध्ये तो शून्य होता, म्हणजे ‘माझ्याकडे या’. भाषांतरित नोंदीत तो आर-५ चा स्वतःचा पत्ता असतो, आणि आर-१ ला तिथवर ओएसपीएफचाच एरियातला किंवा एरियांमधला रूट लागतो. तो नसेल तर नोंद असूनही नसल्यासारखी. १०.०.४५.० ची टाइप-३ शोधली: नाही. १५ तारखेला आर-३ वर टाकलेलं नॉट-ॲडव्हर्टाइज मी काढलंच नव्हतं. लूपबॅक १९ तारखेला काढला नसता, तर कदाचित तो पत्ता निवडला गेला असता आणि ही चूक आणखी काही दिवस दडून राहिली असती. ओळ काढली, रूट आला. एकूण पंचवीस मिनिटं.

आर-१ वर मात्र आता टाइप-५ च्या चार ओळी आहेत: दोन ३.३.३.३ च्या, दोन जुन्या ५.५.५.५ च्या. एनएसएसएमधून टाइप-५ जात नाही, त्यामुळे आर-५ ला त्या मागेही घेता येत नाहीत. आता त्यांचं वय २,१४० आहे.

ताजी नोंद, तासाभराने: दोन्ही गेल्या.